फॅशन डिझायनिंगमध्ये पगार नक्की किती असतो? दोन ऑफर आहेत, घरी काय सांगू

मिरजेची_श्रुती:
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. यंदा पुण्यातून फॅशन डिझाइनची चार वर्षांची डिग्री झाली. प्रायव्हेट कॉलेज होतं, फी विचारू नका, लोनचा हप्ता सहा महिन्यांनी सुरू होतोय एवढंच सांगते. आता हातात दोन ऑफर आहेत, दोन्ही मुंबईच्या.

एक लोअर परळच्या डिझायनरचा स्टुडिओ आहे, ब्रायडल वगैरे. महिना २८,०००, पण 'रिटेनर' म्हणून, म्हणजे पगारी नोकरी नाही, दर महिन्याला ठरलेली फी. लेटर दीड पानाचं, त्यात पीएफ, मेडिकल, सुट्ट्या कशाचाच उल्लेख नाही, फक्त टीडीएस कापला जाईल अशी एक ओळ आहे. दुसरं अंधेरी ईस्टला मरोळच्या बाजूला एक्स्पोर्ट हाऊस, लहान मुलांचे कपडे, युरोपच्या ऑर्डरी. सीटीसी ३.६० लाख म्हणजे महिना ३०,००० होतात ना? तरी एचआर मॅडम फोनवर म्हणाल्या की हातात चोवीसच्या आसपास येतील. सहा हजार कुठे गेले हे विचारायची हिंमत झाली नाही.

बाबा एसटीत कंडक्टर होते, गेल्या वर्षी रिटायर झाले. त्यांनी दोन्ही लेटर चष्मा लावून वाचली आणि एकच विचारलं, "पीएफ कोण कापतंय?" माझ्या मैत्रिणी म्हणतात स्टुडिओ सोडलास तर वेडी आहेस. नेटवर शोधलं तर कुठे वर्षाला अडीच लाख दिसतात कुठे बारा लाख, काही ताळमेळच नाही. या लाइनमधल्या कुणी खरं सांगेल का प्लीज, पगार आणि बाकीचं काय काय बघायचं असतं?

टेकपॅकवाली:
अगं तुला ताळमेळ लागत नाही कारण 'फॅशन डिझायनर' नावाची एकच नोकरी नसतेच. साइटवर ते दोन शब्द टाकलेस की नाशिकच्या बुटिकमधली मुलगी, मोठ्या रिटेल ब्रँडचा डिझाइन हेड आणि ऑनलाइन कंपनीत कॅटलॉग करणारा मुलगा असे सगळे एकाच टोपलीत येतात आणि त्याची सरासरी निघते, ती कुणाचीच नसते. अँबिशनबॉक्स, ग्लासडोअर बघच, पण डेझिग्नेशन नीट टाकून बघ. असिस्टंट डिझायनर किड्सवेअर, सॅम्पलिंग मर्चंडायझर, गारमेंट टेक्नॉलॉजिस्ट असं. आणि एखाद्या आकड्याखाली चारच लोकांनी माहिती भरली असेल तर सोडून दे.

माझं सांगते. सुरुवात १६,००० वर, मुंबईतल्याच एका छोट्या एक्स्पोर्टरकडे, बारा वर्षांपूर्वी. काम काय तर टेकपॅक (कपड्याची मापं, कापड, शिलाई सगळं लिहिलेला तक्ता) भरणे, बटणांचे नमुने चिकटवणे आणि कुरिअरवाल्याच्या मागे पळणे. तीन वर्षं अक्षरशः रडले. मग मर्चंडायझिंगला, म्हणजे बायर आणि फॅक्टरीच्या मधल्या कामाला आले आणि तिथून पगार हलायला लागला, आता बंगळुरात बायिंग हाऊसला (परदेशी ब्रँडसाठी फॅक्टऱ्यांकडून माल करून घेणारी कंपनी) आहे, महिना लाखाच्या थोडं वर. माझ्या बॅचमधली सगळ्यात हुशार, स्केच बघून सर उभे राहायचे अशी मुलगी स्टुडिओत गेली, ती सातव्या वर्षी ४५ वर होती. हुशारी कमी पडली म्हणून नाही, त्या खोलीत वर चढायला शिडीच नव्हती. वर डिझायनर स्वतः, खाली बाकी सगळे, मध्ये काही नाही.

आधी ते सीटीसीचं, म्हणजे कंपनीला तू एकूण केवढ्याला पडतेस त्याचं, ब्रेकअप टाक इथे. मेलला अनेक्शर असेल बघ.

मिरजेची_श्रुती:
हो ताई आहे. महिन्याचं टाकते. बेसिक १५,०००, एचआरए ७,५००, स्पेशल अलाउन्स ३,४७९, एम्प्लॉयर पीएफ १,८००, ग्रॅच्युइटी ७२१, ग्रुप मेडिकल ५००, व्हेरिएबल १,०००. बेरीज बरोबर ३०,०००.

एचआर_काका:
वीस वर्षं हेच केलंय, त्यातली अकरा गारमेंटमध्ये, म्हणून हात शिवशिवतायत.

श्रुती, पहिले तीन आकडे मिळव, २५,९७९. हा तुझा खरा ग्रॉस. खालचे चार तुझ्या नावावर दाखवलेत पण दर महिन्याला हातात यायचे नाहीत. ग्रॅच्युइटीचे ७२१ म्हणजे बेसिकच्या ४.८१ टक्के, हा आकडा दिसला की समजायचं, सगळे असाच लावतात. ती साधारणपणे सलग पाच वर्षं काढलीस तर मिळते, पण सीटीसीत पहिल्या दिवसापासून मोजतात. नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड आले, त्यात ठराविक मुदतीच्या करारावर घेतलेल्यांना एक वर्षानंतरही ग्रॅच्युइटी आहे, तर तुझं लेटर पर्मनंटचं आहे की मुदतीचं ते बघ. व्हेरिएबलचे हजार वर्षाच्या शेवटी, साहेबाचा मूड बघून.

ग्रॉसमधून तुझ्या वाट्याचा पीएफ १,८०० जाणार, म्हणजे १५,००० चे १२ टक्के. प्रोफेशन टॅक्स २००, फेब्रुवारीत ३००. गंमत बघ, महाराष्ट्रात बायकांना २५,००० पगारापर्यंत प्रोफेशन टॅक्स माफ आहे, तुझा ९७९ रुपयांनी हुकला! तर हातात २३,९७९. मॅडम खोटं बोलल्या नाहीत, अर्धं बोलल्या.

आता स्टुडिओ. २८,००० मधून १० टक्के टीडीएस, हातात २५,२००. तो टीडीएस रिटर्न भरलास की परत मिळतो, एवढ्या उत्पन्नावर तुला टॅक्सच बसत नाही. पण रिटर्न भरायला लागतो, आणि तुमच्या लाइनची पोरं तो भरत नाहीत, वर्षाचे ३३,६०० सरकारकडे तसेच पडून राहतात आणि इकडे पगार कमी म्हणून रडत बसतात.

वर्षाचं मांड. स्टुडिओ ३,३६,०००. एक्स्पोर्टवाले हातात २,८७,६४८, वर पीएफ खात्यात तुझे आणि त्यांचे मिळून २८,२००, आणि त्यांच्या वाट्यातले आणखी पंधरा हजार पेन्शनच्या बाजूला जातात. एकूण ३,३१,००० च्या घरात. फरक उरला पाच हजारांचा, वर्षाला. आता रिटेनरला भरपगारी रजा नसते. तुझा एक दिवस म्हणजे ९३३ रुपये. वर्षात सहा दिवस तापाने झोपलीस की हिशोब फिरला. दिवाळीला मिरजेला जाशील ते वेगळंच. नोकरी असेल तर शॉप्स अ‍ॅक्टप्रमाणे वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा आणि दर २० दिवस कामामागे १ दिवस भरपगारी रजा साठते, कारखान्याच्या नियमातही वीसाला एक आहेच.

मेडिकलचे ५०० म्हणजे ग्रुप पॉलिसी, कव्हर किती आणि त्यात आईवडील घेतात का हे विचार. तुझे बाबा रिटायर झालेत म्हणून सांगतोय, हा मुद्दा पगाराच्या हजार दोन हजारापेक्षा मोठा ठरू शकतो.

सुईदोरा:
काका तुमचा हिशोब बरोबर असेल पण सगळं एक्सेलमध्ये बसत नाही हो. मी स्टुडिओतच चार वर्षं काढली, २० ने सुरू केलं होतं, आज स्वतःचं छोटं लेबल आहे ते त्याच चार वर्षांच्या जोरावर. जरदोजीचा कारीगर एका बुट्टीला किती वेळ घेतो, कुठला टिकला धुतल्यावर काळा पडतो, भुलेश्वरला कुणाकडे लेस मागितली तर तो मागच्या कपाटातलं काढून दाखवतो, नवरीची आई काय बोलते आणि तिला खरं काय पाहिजे असतं, हे मला कुठल्या एक्स्पोर्ट हाऊसने शिकवलं असतं? तिथे वर्षभर किड्सच्या टीशर्टवर डायनासोर डावीकडे घ्यायचा की उजवीकडे यावर मेल चालतात.

पण खोटं नाही बोलणार. फॅशन वीकच्या आधीचे पंधरा दिवस आम्ही रात्री दोन दोनला निघायचो आणि टॅक्सीचे पैसे आपले. एकदा शोच्या आदल्या रात्री लेहंग्याची कॅनकॅन (आतला नेटचा घेर) कमी फुगते म्हणून पूर्ण उसवली, आम्ही तिघी जमिनीवर बसून पहाटेपर्यंत हाताने टाके घालत होतो, सकाळी बॉसने सगळ्यांना वडापाव मागवला आणि आम्हाला केवढं भारी वाटलं होतं! तेव्हा वाटलं म्हणजे वाटलं. ओव्हरटाइम हा शब्द तिथे कुणी उच्चारत नाही. शेवटचे दीड महिन्याचे पैसे मला अजून यायचेत, त्याला आता सहा वर्षं झाली. नाव नाही घेत.

टेकपॅकवाली:
सुईदोरा, डायनासोरवर हसू नकोस, त्या डायनासोरने माझं घर उभं केलंय.

आणि एक बोलू का, हे 'शिकायला मिळतं' फक्त आपल्याच लाइनीत पगाराच्या जागी का चालतं? सीएची आर्टिकलशिप असते ठीक आहे, तिला मुदत तरी असते. इथे चौथ्या वर्षीही पोरगी शिकतेच आहे. ज्यांच्या घरचं मुंबईत आहे, जेवण आईच्या हातचं आहे, त्यांना दोन वर्षं फुकट शिकणं परवडतं. मिरजेहून आलेल्या मुलीला पीजीचे दहा-बारा हजार पहिल्या तारखेला द्यावे लागतात. हे कुणी ओरिएंटेशनला सांगत नाही.

सुईदोरा:
हे मात्र पटलं. मी दादरची, जेवण घरचं.

भिवंडीचा_मास्तर:
मी डिझायनर नाही, पॅटर्न मास्टर आहे. बत्तीस वर्षं. दहावी नापास. पोरी डिग्री घेऊन येतात त्यांना सुरुवातीला वीस बावीस मिळतात आणि मला पंचावन्न, म्हणून त्यांना राग येतो, येऊ दे. का मिळतात ते सांगतो, तुला उपयोग होईल.

मागच्या सीझनला एका मॅडमनी लेडीज ड्रेस काढला. कागदावर सुंदर. साइडचा पॅनल पूर्ण उरेब, म्हणजे कापड तिरकं धरून कापलेला, वरपासून खालपर्यंत एक तुकडा. मार्कर, म्हणजे कापडावर सगळे तुकडे बसवायचा आराखडा, लावला तर अ‍ॅव्हरेज २.४० मीटर, म्हणजे एका पीसला एवढं कापड. उरेबात कापलं की कोपऱ्याचं कापड वाया जातं, ते कशातच बसत नाही. मी म्हटलं मॅडम या पॅनलला खिशाच्या रेषेत एक जोड देऊ, जोड खिशात लपतो, दिसत नाही. आधी नाही म्हणाल्या, माझं डिझाइन मारलं म्हणाल्या. मग मी सॅम्पल करून डमीवर चढवलं, दोन्ही शेजारी शेजारी. त्यांनाच ओळखू येईना कुठला कुठला. अ‍ॅव्हरेज आलं २.२५. ऑर्डर दहा हजार पीसची. दीड हजार मीटर वाचलं, १८० रुपये मीटरने दोन लाख सत्तर हजार झाले. मालक खाली येऊन चहा पाजून गेला.

त्या मॅडम हुशार, दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे येऊन बसायला लागल्या. मार्कर, ग्रेडिंग (एका मापावरून बाकीची मापं काढणं), कापड धुतल्यावर किती आटतं सगळं शिकल्या. दीड वर्षात दुसरीकडे गेल्या, पगार दुप्पट झाला म्हणून पेढे घेऊन आल्या होत्या. पगार स्केचवर वाढत नाही बेटा, कापड वाचवण्यावर आणि सॅम्पल पहिल्या फेरीत पास होण्यावर वाढतो. बायर दोनदा सॅम्पल परत पाठवतो तेव्हा कुरिअरपासून सगळं मालकाच्या खिशातनं जातं. आता ते कॉम्प्युटरवर थ्रीडीमध्ये कपडा घालून दाखवतात, क्लो थ्रीडी का काय, ते येत असेल तर लेटरवर सही करायच्या आधी सांग, नंतर सांगून पैसे मिळत नाहीत.

मिरजेची_श्रुती:
काका, क्लो थ्रीडी येतं मला! कॉलेजला एक सेमिस्टर होतं, पण सीव्हीत सगळ्यात खाली लिहिलंय.

टेकपॅकवाली:
अगं बाई. ते सगळ्यात वर घे आणि आजच मेल कर. दोन कपडे करून पोर्टफोलिओत टाक, लहान मुलांचेच. त्यांचं काम निटचं (टीशर्टसारखं ताणणारं कापड) आहे ना, फॅब्रिकही निटच घे, वुव्हन (शर्टासारखं न ताणणारं) टाकून पाठवू नकोस.

कंटिन्युइटी_ताई:
टीव्हीच्या बाजूचं कुणीच लिहिलं नाही म्हणून मी. मराठी सीरियलला कॉश्च्युम असिस्टंट आहे, आधी ठाण्यात घोडबंदरला, आता गेली दोन वर्षं साताऱ्याकडे शूट आहे. इथे पगार नाही, दिवसावर पैसे. १,२०० रुपये दिवस अशी सुरुवात झाली होती, आता २,५००. शिफ्ट बारा तासांची. ऐकायला बरं वाटतं, महिन्यात पंचवीस दिवस भरले तर साठ बासष्ट हजार, पण पंचवीस भरतातच असं नाही, ट्रॅक बदलला आणि हिरॉइनला कोमात टाकलं की तिचे कपडेच लागत नाहीत. शिवाय पैसे नव्वद दिवसांनी. म्हणजे गणपतीत केलेल्या कामाचे पैसे नाताळात. पहिले तीन महिने मी मावशीच्या जिवावर जगले, हे लिहायला लाज वाटत नाही.

काम म्हणाल तर डिझायनिंग पाव टक्का. बाकी फोटो काढून ठेवणे. सीन चौदा आज अर्धा झाला, उरलेला मंगळवारी, तेव्हा साडीच्या निऱ्या तशाच, पदर त्याच खांद्यावर तेवढाच, बांगड्या डाव्या हातात आठ उजव्या हातात सात कारण एक फुटली होती. सात म्हणजे सात! मंगळसूत्राची वाटी उलटी गेली तर दुसऱ्या दिवशी प्रेक्षक कमेंटमध्ये आईवर येतात. ड्रेसदादांशी भांडायचं नाही हा पहिला धडा, इस्त्री त्यांच्या हातात.

पीएफ, मेडिकल काही नाही. सिनेमा-टीव्हीच्या कामगारांच्या फेडरेशनचं कार्ड काढलं की थोडा आधार असतो, पैसे अडले तर तक्रार करायला जागा असते. मी स्वतःची मेडिकल पॉलिसी घेतलीय आणि दर महिन्याला पीपीएफमध्ये टाकते, आला महिना तसा. श्रुती तुला यातलं काही करायचं असेल तर बँकेत चार महिन्यांचा खर्च असल्याशिवाय येऊ नकोस. लोन आहे म्हणालीस म्हणून.

कोरी_पाटी:
एवढं करण्यापेक्षा आयटीआयला शिल्प निदेशक व्हा. सरकारी नोकरी, सगळे भत्ते, पाचला घरी.

एचआर_काका:
म्हणणं चुकीचं नाही. आयटीआयला फॅशन डिझाइन, ड्रेस मेकिंग, शिवणकाम असे ट्रेड आहेतच आणि त्यासाठी सीआयटीएस, म्हणजे निदेशकांचा ट्रेनिंग कोर्स, करून ठेवलं तर फायदा होतो. पण जागा कधी निघतील त्याच्या भरवशावर लोनचा हप्ता नाही भरता येत.

आरीवाली_कोल्हापूर:
मी बघ की बुटिकवाली, माझं पण ऐक. डिग्री बिग्री नाही, एक वर्षाचा डिप्लोमा आणि आईची शिलाई मशीन. राजारामपुरीत गाळा आहे भाड्याचा. आरी वर्कचे ब्लाउज करते. मागचा गळा आणि बाह्या भरून साडेतीन हजार घेते, त्यात कारीगराची मजुरी दिवसाला आठशे, एका ब्लाउजला दोन दिवस, सामान पाचशेचं, शिलाईवाली ताई साडेतीनशे. उरले हजार आणि थोडे. ते पण गाळ्याचं भाडं, लाइट जायच्या आधी. तुळशीचं लग्न झालं की जी रांग लागते ती मे संपेपर्यंत, महिन्याला पंचवीस तीस ब्लाउज होतात. आणि आषाढ आला की मी आणि माझी मांजर, दुकानात दुसरं कोण नसतंय. वर्षाची सरासरी काढली तर महिना वीस बावीस पडतंय. म्हणजे तुझ्या नोकरीएवढंच, फक्त शिव्या देणारा बॉस नाही, शिव्या देणारी गिऱ्हाइकं आहेत.

पोरगी झाली तेव्हा विसाव्या दिवशी फ्रेमवर बसले होते. एका नवरीचा ब्लाउज द्यायचा होता. सासू बाळाला घेऊन शेजारी बसलेली, रडलं की माझ्याकडं द्यायची, परत फ्रेम. तेव्हा कळलं नोकरीवाल्या बायकांना कशाला म्हणतात सुट्टी.

आणि फॅशनमध्ये आपल्या माणसांचं काय नाही असं बोलू नका कोण. कॉश्च्युम डिझायनर भानू अथैया आमच्या कोल्हापूरच्या, १९८३ ला ऑस्कर आणलं, भारतातलं पहिलं. ती ट्रॉफी पण नीट सांभाळली जाईल का म्हणून त्यांनी २०१२ ला अकॅडमीकडंच परत ठेवायला दिली. लई शहाणी बाई.

एचआर_काका:
ताई, तुमच्या त्या विसाव्या दिवसावरून आठवलं. श्रुती, नोकरीत असशील आणि बाळंतपणाआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर २६ आठवडे भरपगारी रजा मिळते. रिटेनरला नाही. तू बावीस वर्षांची आहेस, आत्ता हसशील. मी हे मुलींना नेहमी सांगतो आणि त्या नेहमी हसतात.

ताई, तुम्ही दुसऱ्या बुटिकला काम करून देत असाल आणि पैसे लटकत असतील तर उद्यम रजिस्ट्रेशन करून घ्या, ऑनलाइन आहे, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. त्यानंतर समोरच्याला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच. सुईदोरा तुम्हीपण.

सुईदोरा:
केलंय काका, दोन वर्षांपूर्वी. बिलावर उद्यम नंबर छापल्यापासून लोक जरा लवकर फोन उचलतात एवढं नक्की.

मिरजेची_श्रुती:
सगळ्यांचे खूप आभार, रात्री बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. मास्तरकाकांचा दोन लाख सत्तर हजारवाला किस्सा त्यांनी दोनदा वाचायला लावला. अजून एक विचारायचं राहिलं. एक्स्पोर्टच्या लेटरमध्ये पान तीनवर आहे की एक वर्षाच्या आत सोडलं तर ५०,००० भरावे लागतील, आणि जॉइन होताना ओरिजिनल मार्कशीट जमा करा. हे नॉर्मल आहे का? आणि कंपनी खरंच पीएफ भरते का हे आधी कसं कळणार, लेटरवर तर कुणीपण काहीपण लिहील.

एचआर_काका:
मार्कशीट द्यायची नाही. झेरॉक्स दे, ओरिजिनल दाखव आणि परत पर्समध्ये टाक. जिथे ओरिजिनल ठेवून घेतात तिथे सोडताना त्याच कागदाच्या जिवावर पैसे मागतात. ५०,००० चं असं की कंपनीने तुझ्या ट्रेनिंगवर खरोखर खर्च केला असेल तर तेवढी भरपाई मागायला त्यांना जागा आहे, नुसता धाक म्हणून लिहिलेला आकडा कोर्टात तसाच्या तसा टिकत नाही. पण बावीस वर्षांच्या मुलीने कोर्टात जायचं कशाला, आत्ताच मेल करून विचार की हे कुठल्या ट्रेनिंगसाठी आहे. फोन नको. मेल.

पीएफचं बघायला सोपं आहे. ईपीएफओच्या साइटवर एस्टॅब्लिशमेंट सर्च म्हणून आहे, कंपनीचं नाव टाक, दर महिन्याला पैसे कधी भरले आणि किती लोकांचे भरले ते दिसतं. लॉगिन लागत नाही. ऑफिसात दोनशे माणसं दिसली आणि इथे चाळीस जणांचेच भरलेत असं असेल तर समजून जा. स्टुडिओचंपण टाकून बघ. नाव सापडलं तर तिथे काही जणांना पीएफ आहे आणि तुला रिटेनर देतायत, मग का ते विचारता येईल.

भिवंडीचा_मास्तर:
इंटरव्ह्यूला गेलीस तेव्हा सॅम्पल रूम बघितली का? नसेल तर जॉइन व्हायच्या आधी बघून ये. मास्तर आणि टेलर किती वर्षांपासून आहेत ते विचार, एचआरला नाही, त्यांनाच. दर सहा महिन्याला मास्तर बदलत असेल तर पगार वेळेवर होत नाही तिथे.

टेकपॅकवाली:
हे मास्तरांचं सोन्यासारखं आहे. मी तर चहावाल्याला विचारते, त्याची उधारी कधी फिटते ते.

आणि श्रुती, कॉलेजच्या सीनियर्सना मेसेज कर. 'तुम्हाला पगार किती' असं विचारलं तर कुणी सांगत नाही, 'या पोस्टला अमुक मागितले तर जास्त होतील का' असं विचार, लगेच खरा आकडा येतो. कॉलेजच्या प्लेसमेंट ब्रोशरमधल्या हायेस्ट पॅकेजवर जाऊ नकोस. ते एकाचं असतं.

मिरजेची_श्रुती:
अपडेट, पाच दिवसांनी.

स्टुडिओला मेल केला की वर्षाला बारा दिवस भरपगारी सुट्टी आणि मेडिकल लेटरमध्ये लिहून द्याल का. मेलचं उत्तर नाही, फोन आला. खूप गोड बोलल्या, म्हणाल्या आपण इथे सगळे फॅमिलीसारखे आहोत, असं कागदावर लिहायची पद्धत नाही. मी म्हटलं विचार करून सांगते.

ईपीएफओवर शोधलं तर स्टुडिओचं नाव मला तरी सापडलं नाही. एक्स्पोर्टवाल्यांचं सापडलं, बाबांनी मागचे चौदा महिने एकेक करून बघितले, दर महिन्याला वेळेवर भरलेत आणि माणसं तीनशेच्या आसपास. बाबा तिकिटांचा हिशोब लावल्यासारखे बसले होते, आई दोनदा जेवायला बोलावून गेली.

क्लो थ्रीडीचे दोन रॉम्पर (बाळांचे अंगभर एकच असलेले कपडे) करून पाठवले, निटचेच. ५०,००० च्या बॉण्डचं पण त्याच मेलमध्ये विचारलं. उत्तर आलं की कंपनीने बाहेर ट्रेनिंगला पाठवलं तरच तो क्लॉज लागू, तसं नवीन लेटरमध्ये लिहून आलंय. ओरिजिनल मार्कशीट फक्त दाखवायची. आणि स्पेशल अलाउन्स २,००० ने वाढवला! मला वाटलं नव्हतं. आईवडील मेडिकलमध्ये घेत नाहीत, ते मात्र नाही म्हणाले.

एक तारखेला जॉइन होतेय. बाबांनी आत्ताच पीएफचा यूएएन नंबर मागितलाय, मी म्हटलं अजून महिना तरी होऊ दे.

सुईदोरा:
फॅमिली! हाहाहा. अगदी हेच वाक्य मलापण. अभिनंदन गं. रविवारी भुलेश्वरला यायचं असेल तर सांग, लेसवाला दाखवते.

भिवंडीचा_मास्तर:
जेवणाच्या सुट्टीत सॅम्पल रूममध्ये बसत जा.

आरीवाली_कोल्हापूर:
लग्नात ब्लाउज माझ्याकडंच.

मिरजेची_श्रुती:
हो काका. हो ताई. मरोळ नाक्याच्या आसपास मुलींसाठी पीजी कुणाला माहितीये का? मेट्रोने घाटकोपरकडून यायचं असलं तरी चालेल, दहाच्या आत बघतेय.

टेकपॅकवाली:
माझ्या मावसबहिणीची रूममेट पुढच्या महिन्यात सोडतेय, घाटकोपर वेस्टला, मेट्रो स्टेशनपासून चालत. साडेनऊ आहे पण डिपॉझिट दोन महिन्यांचं. मेसेज करते तुला.